तुरुंगातल्या उपचारांनी लैंगिक गुन्हे घटतात का? हिशोब कोणत्या क्रमाने मांडायचा

‘कार्यक्रम पूर्ण करून सुटलेल्यांपैकी फारच थोड्यांनी पुन्हा गुन्हा केला’ असं वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर दिसलं, की मी मागच्या पानांत एकच आकडा शोधतो: कार्यक्रम सुरू कितीजणांनी केला होता? बहुतेकदा तो सापडत नाही. सापडला तरी एखाद्या तळटीपेत असतो. पुढचे सगळे आलेख मात्र ‘पूर्ण केलेल्यां’चे.

समाजकार्य, गुन्हेशास्त्र किंवा कायद्याचे विद्यार्थी आणि कारागृहांत काम करणाऱ्या संस्थांतले लोक या एकाच ठिकाणी वारंवार घसरतात. म्हणून हा लेख. मुख्य उदाहरण इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांतल्या, लैंगिक गुन्हेगारांसाठीच्या ‘कोअर’ या गट-उपचार कार्यक्रमाचं घेतलं आहे. तिथल्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं, आणि समर्थक व टीकाकार दोघांनीही ते घाईने वाचलं. दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. आपल्याकडचे मुद्दे जिथे खरोखर वेगळे आहेत तिथेच आणले आहेत.

## आधीची तयारी

चार कागद हातात आल्याशिवाय संगणक उघडू नका.

पहिला, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन ठरावीक काळात सुटलेल्या सर्वांची यादी, सुटकेच्या तारखेसह. दुसरा, कार्यक्रमाची हजेरी: कोणाला विचारलं, कोण हो म्हणालं, कोण कधी सुरू झालं, कोण कधी आणि कशामुळे बाहेर पडलं. तिसरा, प्रत्येकाचा आधीचा गुन्हेगारी इतिहास, वय, पीडित व्यक्तीशी नातं आणि जोखमीची श्रेणी (स्टॅटिक-९९ किंवा तत्सम मोजपट्टीवरची). चौथा, सुटकेनंतरच्या नोंदी, एका ठरलेल्या तारखेपर्यंतच्या.

इंग्लंडच्या अभ्यासाचा आवाका बघा: २००० ते २०१२ दरम्यान सुटलेले पुरुष, त्यांतले २,५६२ कार्यक्रमात गेलेले आणि १३,२१९ न गेलेले. नोंदी ऑक्टोबर २०१५ पर्यंतच्या, म्हणजे सरासरी ८.२ वर्षांचा पाठपुरावा. आपल्याकडे एवढं जमणार नाही हे मान्य. पण चारपैकी दुसरा कागद नसेल, तर काम तिथेच थांबवा. हजेरीपटाशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

इशारा: निकालपत्रांतून माहिती घेताना पीडित व्यक्तीचं नाव, गाव, शाळा काहीही तुमच्या फाइलमध्ये येऊ देऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ यांनी ती ओळख उघड करायला मनाई केली आहे. ‘नंतर काढून टाकू’ म्हणून काही ठेवायचं नाही, कारण ते काढायचं राहूनच जातं.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘उपचारांचा उपयोग होतो का?’ हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न झाला. मोजता येईल असा प्रश्न असा असतो: ‘चार वर्षांहून अधिक शिक्षा झालेल्या ज्या पुरुषांना हा गट-कार्यक्रम देऊ केला, त्यांच्यात सुटकेनंतर पाच वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरण्याचं प्रमाण, केवळ नेहमीची शिक्षा भोगलेल्यांच्या तुलनेत, कमी आहे का?’

कोणाला, काय, कशाच्या तुलनेत, किती काळात, कोणता गुन्हा, हे पाच धागे त्यात आले पाहिजेत. सर्वांत जास्त निसटतो तो तिसरा. ज्यांना तुम्ही ‘उपचार न घेतलेले’ म्हणता त्यांनी दुसरा एखादा कार्यक्रम, व्यसनमुक्ती किंवा समुपदेशन घेतलेलं असू शकतं. मग तुम्ही मोजताय तो ‘उपचार विरुद्ध काहीच नाही’ असा फरक नव्हे, ‘हा उपचार विरुद्ध इतर काहीबाही’ असा आहे.

## टप्पा २: ‘पुन्हा गुन्हा’ म्हणजे काय, हे आकडे बघण्याआधी ठरवा

अटक, आरोपपत्र की दोषसिद्धी? फक्त लैंगिक गुन्हा, की हिंसकही? पोलिसांकडे पत्ता न कळवणं यासारखा अटींचा भंग धरायचा का? (इंग्लंडमध्ये असा बदल तीन दिवसांत कळवावा लागतो. तो न कळवणं हा गुन्हा आहे, पण त्यात कोणावर अत्याचार झालेला नसतो.)

हे आधी का ठरवायचं, याचं नमुनेदार उदाहरण त्याच इंग्लिश कार्यक्रमाच्या २००३ सालच्या अभ्यासात आहे. ६४७ उपचार घेतलेले, १,९१० न घेतलेले, पाठपुरावा दोन वर्षांचा. लैंगिक गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरले २.६ टक्के विरुद्ध २.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. लैंगिक आणि हिंसक गुन्हे एकत्र धरले की ४.६ विरुद्ध ८.१. माणसं तीच आणि वर्षं तीच, पण एक व्याख्या म्हणते ‘फरक नाही’ आणि दुसरी म्हणते ‘जवळपास निम्मं’. आकडे पाहिल्यावर व्याख्या निवडलीत, तर तुम्ही व्याख्या नाही, निकाल निवडलात.

आपल्याकडे इथे दोन अडचणी जास्तीच्या आहेत. खटले रेंगाळतात, त्यामुळे सुटकेनंतरच्या तीन वर्षांत ‘दोषसिद्धी’ शोधली तर गुन्हा घडलेला असूनही निकाल लागलेला नसतो. अशा वेळी आरोपपत्र हा मुख्य निकष आणि दोषसिद्धी हा दुय्यम ठेवावा, आणि गुन्हा घडल्याची तारीख धरावी, निकालाची नव्हे. दुसरी अडचण कलमांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेचं ३७६ हे न्याय संहितेत ६४ झालं, ३५४ चं ७४ झालं. जुन्या-नव्या कलमांचा जोडतक्ता आधी तयार करा, नाहीतर नवे गुन्हे तुमच्या गाळणीतून अलगद निसटतील.

तपासा: मुख्य निकष एकच आहे ना? तो तारीख घालून लिहून ठेवला आहे ना?

## टप्पा ३: यादी गोठवा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा टप्पा वाचा.

एक काल्पनिक कार्यक्रम घेऊ, ज्याचा परिणाम अगदी शून्य आहे. वर्गात बसवलं काय, न बसवलं काय, सारखंच. कार्यक्रम सुरू करणारे १,००० जण: ५०० कमी जोखमीचे (त्यांच्यात पुन्हा गुन्हा करणारे ४ टक्के) आणि ५०० जास्त जोखमीचे (२० टक्के). म्हणजे पुढे गुन्हा करणार २० अधिक १००, एकूण १२०. दर १२ टक्के. कार्यक्रमात न गेलेले १,००० जणही हुबेहूब असेच, म्हणजे त्यांचाही दर १२.

आता मध्येच सोडून जाणारे बघा. कमी जोखमीचे ५० आणि जास्त जोखमीचे २५० गळाले. हे अगदी रोजचं चित्र आहे. भांडणं करणारे, नियम मोडणारे, दुसऱ्या तुरुंगात हलवलेले, ‘मी काही केलंच नाही’ म्हणून उठून जाणारे, यांत जास्त जोखमीचे लोक अधिक असतात. उरले ७००: कमी जोखमीचे ४५० (त्यांतले १८ गुन्हा करणार) आणि जास्त जोखमीचे २५० (त्यांतले ५०). एकूण ६८. दर ९.७ टक्के.

म्हणजे काहीही न करणाऱ्या कार्यक्रमाने अहवालात पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण १२ वरून ९.७ वर आणलं. एवढ्यावर न थांबता कोणी ‘पूर्ण केलेले’ आणि ‘सोडून गेलेले’ यांचीच तुलना करतो. सोडून गेलेल्या ३०० मध्ये ५२ जण, म्हणजे १७.३ टक्के. ९.७ विरुद्ध १७.३! या फरकावर पुरस्कार मिळू शकतो.

मी स्वतः एका मसुद्यात हे केलं आहे. गळालेल्यांच्या ओळी ‘अपूर्ण माहिती’ म्हणून एक्सेलमधून उडवल्या होत्या. माहिती अपूर्ण नव्हती, त्यांचा कार्यक्रम अपूर्ण होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “ह्या ओळी गेल्या कुठे?” तेव्हा ध्यानात आलं. आकडे पुन्हा मांडले आणि अर्धा परिणाम विरला.

नियम सोपा आहे. ज्या दिवशी माणूस एका गटात नोंदवला गेला, त्या दिवसानंतर काहीही झालं तरी तो त्या गटातच मोजायचा. पहिल्या सत्रानंतर पळाला तरी तो ‘उपचार गट’च. सुटकेच्या नोंदी उघडण्याआधी ही यादी बंद करा आणि तिची प्रत बाहेरच्या एका माणसाकडे ठेवा.

इशारा: ‘ज्यांनी कार्यक्रम मनापासून घेतला त्यांचं वेगळं बघू’ हा त्याच सापळ्याचा दुसरा दरवाजा आहे. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात (तो टप्पा ४ मध्ये येतो) कार्यक्रमाची उद्दिष्टं खरोखर गाठलेल्यांत पुन्हा गुन्हे कमी दिसले. पण अशी माणसं कार्यक्रमाविनाही कदाचित कमीच गुन्हे करणारी असतील. तेवढ्यावरून श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही.

## टप्पा ४: तुलनेचा गट उभा करा

सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे चिठ्ठ्या. तयार असलेल्यांतून कोणाला उपचार मिळणार हे नशिबावर सोडायचं. कॅलिफोर्नियाने हे केलं. १९८५ ते १९९५ दरम्यान तुरुंगातल्या इच्छुकांतून निवडलेले पुरुष शिक्षेच्या शेवटच्या काळात अटास्काडेरोच्या सरकारी रुग्णालयात हलवले गेले. गट तीन होते: उपचार मिळालेले (२५९), इच्छुक असूनही चिठ्ठीत न आलेले (२२५) आणि नकोच म्हणणारे (२२०). २००५ साली अंतिम निकाल आला. पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे अनुक्रमे सुमारे २२, २० आणि १९ टक्के. फरक म्हणावा असा काही नाही. तिसरा गट मुद्दाम बघा. उपचार नाकारणारे जास्त धोकादायक असणार असं आपण गृहीतच धरतो, आणि इथे तसं दिसलं नाही.

‘उपचार नाकारणं अन्यायाचं, म्हणून चिठ्ठ्या नकोत’ हा आक्षेप येतोच. जागा कमी आणि इच्छुक जास्त असतील, तर कोणी ना कोणी वगळलं जाणारच आहे. ते अधीक्षकांच्या मर्जीने वगळण्यापेक्षा चिठ्ठीने वगळलेलं बरं. नंतर त्यांना पुढच्या तुकडीत घेता येतं, पण तसं केलंत तर तुलना तिथपर्यंतच टिकते, हे आधीच गणितात धरा.

चिठ्ठ्या शक्य नसतील तर जुळणी. इंग्लंडच्या २०१७ च्या अभ्यासात ८७ बाबींवर (वय, आधीचे गुन्हे, शिक्षेचा प्रकार वगैरे) उपचार घेतलेल्यांशी जुळणारे लोक शोधले. याला प्रोपेन्सिटी स्कोअरची जुळणी म्हणतात: माणूस कार्यक्रमात जाण्याची शक्यता किती होती याचा अंदाज काढायचा आणि सारख्या शक्यतेच्या माणसांची तुलना करायची. ८७ हा आकडा ऐकून दबून जायचं कारण नाही. लैंगिक विचारांचा अतिरेक, विकृत ओढ यांसारख्या गोष्टी सरकारी नोंदींत धड सापडत नाहीत. मानसतज्ज्ञाने नेमक्या याच गोष्टी बघून माणसाला कार्यक्रमात पाठवलं असेल, तर उपचार गट मुळातच जास्त जोखमीचा, आणि ते तुमच्या जुळणीला कळणारही नाही. अभ्यासकर्त्यांनी स्वतः ही मर्यादा नोंदवली आहे.

तिसरा मार्ग, म्हणजे ‘कार्यक्रम सुरू होण्याआधी सुटलेल्यांशी तुलना’, आपल्याकडे जवळपास बाद समजा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पॉक्सो लागू झाला, २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्याच रुंदावली. २०१० मध्ये सुटलेला आणि २०१८ मध्ये सुटलेला हे दोघे वेगवेगळ्या कायद्यांखाली मोजले जातात.

तपासा: जुळणीनंतर दोन्ही गटांचं सरासरी वय, आधीच्या लैंगिक गुन्ह्यांची संख्या आणि जोखमीच्या श्रेणी शेजारी शेजारी लिहा. एकाही ओळीत डोळ्यांना खुपणारा फरक असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: नोंदी जुळवा

इंग्लंडमध्ये पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर प्रत्येकाचा एक क्रमांक असतो. तो जुळला की काम झालं. आपल्याकडे कारागृहाच्या नोंदवहीत नाव देवनागरीत, न्यायालयाच्या नोंदीत रोमन लिपीत, आडनावाची स्पेलिंगं तीन, वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि एका ठिकाणी नाही, वय दर वेळी निराळं. त्यात माणूस मराठवाड्यातून सुटला आणि सुरतेला कामाला गेला, तर शोध राज्याबाहेरही हवा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे. तुम्हाला परवानगीने, ओळख पुसलेल्या स्वरूपातच काही मिळालं तर मिळेल.

इथली चूक फार गोड असते: नाव जुळलं नाही की माणूस आपोआप ‘सुधारला’. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘नोंद तपासली, गुन्हा नाही’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. जुळवणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे कळता कामा नये. कळलं, की उपचार गटातल्या माणसाचं नाव ‘हा तो नसावा’ म्हणून सोडून देण्याकडे हात आपोआप वळतो.

## टप्पा ६: घड्याळ कधी सुरू करायचं

घड्याळ सुटकेच्या दिवशी सुरू होतं, कार्यक्रम संपल्याच्या दिवशी नाही. आत असलेला माणूस बाहेर गुन्हा करू शकत नाही. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी सुटलेल्याची ती दोन वर्षं ‘गुन्ह्याविना’ म्हणून मोजली तर कार्यक्रमाला फुकटचं श्रेय मिळतं. उलट पॅरोल किंवा फर्लोवर बाहेर घालवलेले दिवस मोजायला हवेत, आणि ते नेमके विसरले जातात.

कोणी वारलं, कोणी चोरीच्या गुन्ह्यात पुन्हा आत गेलं. अशांचं घड्याळ त्या दिवशी थांबवा, त्यांना पूर्ण पाच वर्षं धरू नका. आणि दोन वर्षांवर समाधान मानू नका. २००३ च्या अभ्यासात ६४७ जणांतले जेमतेम सतरा दोन वर्षांत लैंगिक गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरले होते. सतरा माणसांवर कोणता निष्कर्ष उभा राहणार?

## टप्पा ७: माणसं पुरेशी आहेत का?

हा हिशोब खरं तर सगळ्यात आधी करायचा, पण वरच्या गोष्टी कळल्याशिवाय तो पटत नाही म्हणून इथे. दर १२ वरून ८ टक्क्यांवर आला असेल आणि तो फरक पाचांतल्या चार वेळा तरी पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ८८० माणसं लागतात. ८ आणि १० टक्क्यांमधला फरक पकडायचा तर सुमारे ३,२००.

तुमच्याकडे पन्नास-पन्नास असतील, तर एक माणूस पकडला गेला की दर दोन टक्क्यांनी हलतो. अशा वेळी पुन्हा गुन्ह्याचा दर काढूच नका. गळती किती, कोण गळालं, सत्रं नियमित झाली का, एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत तरी ते उपयोगी काम आहे. ‘फरक आढळला नाही’ असं लिहायची वेळ आलीच, तर ‘आढळेल एवढी माणसंच नव्हती’ हेही त्याच वाक्यात लिहा.

## टप्पा ८: कार्यक्रम कागदावरचाच चालला का

थोडक्यात: किती सत्रं ठरली होती, किती झाली, कोणी घेतली. २०१९ सालच्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या अभ्यासात) प्रशिक्षित मानसतज्ज्ञ सातत्याने हजर असलेल्या कार्यक्रमांचा परिणाम चांगला दिसला. सत्रं घेणारा दर महिन्याला बदलत असेल तर तुम्ही नेमकं कशाचं मूल्यमापन करताय, हे विचारायला हवं.

## टप्पा ९: निकाल लिहा

इंग्लंडचा निकाल असा होता: पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे उपचार गटात १०.० टक्के, तुलना गटात ८.० टक्के. मुलांच्या अश्लील प्रतिमांच्या गुन्ह्यांत ४.४ विरुद्ध २.९.

हाच निकाल ‘उपचारांमुळे गुन्हे २५ टक्क्यांनी वाढले’ असाही लिहिता येतो आणि ‘शंभरात दोघांचा फरक’ असाही. दोन्ही बरोबर आहेत, म्हणून दोन्ही लिहा, पण ‘शंभरात’वालं आधी. ‘मुळे’ हा शब्द जपून वापरा. चिठ्ठ्या टाकल्या नसतील तर टप्पा ४ मधली न दिसणारी जोखीम या दोनातला काही भाग खाऊ शकते. गटात बसून एकमेकांच्या गोष्टी ऐकल्याने असं वागणं सामान्य वाटू लागत असेल, अशी शक्यता मांडली गेली. ती शक्यताच म्हणून लिहायची.

मग इतर अभ्यासांच्या शेजारी ठेवा. २०१५ च्या एकत्रित अभ्यासात २९ तुलनांमध्ये पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे सरासरी १०.१ टक्के विरुद्ध १३.७ टक्के, म्हणजे उपचारांच्या बाजूने. पण तुरुंगाबाहेर, समाजात राहून दिलेल्या उपचारांचा परिणाम स्पष्ट होता, तुरुंगातल्यांचा नव्हता. वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात ९.५ विरुद्ध १४.१. या सरासरीत चांगले, वाईट, सगळे कार्यक्रम आहेत. ‘जगभरात उपचार चालतात’ म्हणून तुमचा कार्यक्रम चालतो असं होत नाही, आणि इंग्लंडचा एक कार्यक्रम फसला म्हणून उपचारच फसवे असंही नाही.

तपासा: अहवालात गळालेल्यांची संख्या पहिल्या तक्त्यात आहे ना? मुख्य निकष टप्पा २ मध्ये लिहिलेलाच आहे ना? बदलला असेल तर का, कधी, कोणाच्या सांगण्यावरून?

एक काम मात्र सुरुवातीच्याच दिवशी, करारावर सही करताना करून घ्या. निकाल कसाही लागला तरी तो अमुक महिन्यांत, पूर्ण तक्त्यांसह प्रसिद्ध होईल, असं कलम त्यात टाका. इंग्लंडमध्ये २०१७ साली ‘कोअर’ बंद झाला आणि त्याच्या जागी ‘होरायझन’ आणि ‘कायझेन’ आले. असे नवे कार्यक्रम जोखायला सुटकेनंतरची पुन्हा कित्येक वर्षं जावी लागतात. तेवढ्या काळात पैसे देणारे अधिकारी बदलतात, अभ्यास सुरू करणारे निवृत्त होतात, आणि नकोसा अहवाल कपाटात राहतो. कलम असेल तर निदान तो मागता येतो.